झाकणाची डबी

१

दुपारच्या सामसुमीत जनाबाईच्या केरसुणीखाली काहीतरी किणकन वाजलं.

इंदुमती पाळण्याची दोरी धरून बसली होती. तान्हा आत्ता कुठे डोळे मिटत होता, त्यामुळे तिनं मान न वळवता नुसते कान टवकारले. धारवाडच्या मळमड्डीतल्या त्या घरात सगळी निजानीज होती. सकाळपासून खंडेनवमीची गडबड. पाटावर पुस्तकं, दौत-टाक, विळी, अडकित्ता सगळे पूजेला बसलेले. त्यात ऐन वेळी चार वर्षांच्या लीलानं हळदी-कुंकवाचा करंडा पालथा केला, तो इंदुमतीनं एका हातात रडतं मूल धरून घाईघाईनं पुन्हा भरून दिला. मग पूजा, नैवेद्य आणि पुरणाचं जेवण. आता सासरे गुरुराजराव ओसरीवरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, सासूबाई माजघरात कलंडल्या होत्या.

"अक्का," जनाबाई दारात येऊन हळूच म्हणाली, "हे काय आलं बघा की."

तिच्या तळहातावर एक गोल काच होती. रुपयापेक्षा थोडी मोठी, मध्ये किंचित फुगीर. कुठे टवका नाही, चीर नाही.

"कुठं मिळाली?"

"मालकांच्या खोलीत, ट्रंकेमागं. धोतराच्या चिंधीत गुंडाळलीवती. चिंधी ओढली तशी घरंगळली."

इंदुमतीनं काच उजेडाकडे धरली. तेवढ्यात तिचा दीर दत्तात्रय जांभई देत आला, त्यानं काच पाहिली आणि त्याची जांभई अर्ध्यावरच राहिली. तो तडक खोलीत गेला. खुंटीवरच्या कोटातून वडलांचं नवं घड्याळ काढून त्यानं चांदीचं झाकण उघडलं, आणि आईला हाक मारली.

घड्याळाला काच नव्हती. मिनिटाचा काटा वाकला होता. आणि पांढऱ्याशुभ्र तबकडीवर बोटाएवढा पिवळा डाग पडला होता.

सासूबाई, म्हणजे अंबूताई, केस सावरत आल्या. त्यांनी डाग पाहिला, मग जनाबाईकडे पाहिलं.

"हात दाखव, जने."

जनाबाईनं हात पुढे केले. दोन्ही तळवे हळदीनं पिवळेधमक होते.

२

गलका ऐकून गुरुराजराव आत आले. दाराच्या चौकटीला हात टेकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. धारवाडच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केलेला माणूस, अशिलाची फिर्याद ऐकावी तसं ऐकलं, आणि म्हणाले, "काच काय, दुसरी बसेल. सणासुदीला विषय नको. राहू द्या."

"राहू द्या कसं?" अंबूताई म्हणाल्या. "आज काच काढली, उद्या बाळाचे वाळे काढील. मी सणाला कुणाला घालवत नाही. उद्या संध्याकाळी बन्नीचं सोनं घेऊन जा जनाबाई, आणि परवापासून येऊ नकोस."

जनाबाईनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली आणि परसात जाऊन बसली. अळणावरकडच्या खेड्यातून आलेली ती विधवा बाई. चोर म्हणून एक घर सुटलं की मळमड्डीत दुसरं दार उघडत नाही, हे तिला माहीत होतं आणि इंदुमतीलाही.

इंदुमतीला आणखी एक गोष्ट खटकली. मामंजी घड्याळाला इतके जपायचे, आणि त्याचे असे हाल झालेले ऐकून त्यांनी ते हातात घेऊन पाहिलंसुद्धा नव्हतं.

ते घड्याळ बाजारातून उचललेलं नव्हतं. जुन्या हुबळीतल्या बाबाजी घड्याळजीनं ते मापाचा अंगरखा शिवावा तसं करून दिलं होतं. यंत्र परदेशचं, बाकी सगळं गुरुराजरावांच्या सांगण्यावरून. सेकंदाचा काटा नको, तो उगाच धावतो. बाकीचे दोन काटे जाड हवेत. ते पाहून दत्तात्रय म्हणाला होता, "काटे कसले, जात्याचे खुंटे झाले हे."

सगळ्यात शेवटी डबी निवडायची राहिली. यंत्र जिच्यात बसवायचं ती डबी. बाबाजी तीन डब्या घेऊन आला होता. इंदुमती तेव्हा लीलाला कडेवर घेऊन दाराआड उभी होती. एक डबी सोन्याचं पाणी दिलेली, पातळ, उघड्या काचेची. दुसरी निकेलची, पाठीवर आगगाडीचं इंजिन कोरलेलं. हुबळीच्या रेल्वेवाल्यांना तीच आवडते म्हणे. तिसरी चांदीची, जाड, साधी, वर झाकण असलेली.

"अप्पा, सोनेरी घ्या," दत्तात्रय म्हणाला होता. "कोर्टात शोभेल."

गुरुराजरावांनी तिन्ही डब्या एकामागून एक तळहातावर घेतल्या आणि अंगठा फिरवत बसले. मग बाबाजीला खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कुणी ऐकलं नाही, कारण नेमकं तेव्हाच लीला कडेवरून घसरली आणि धावत जाऊन तिनं इंजिनाची डबी तोंडात घातली. ती सोडवून घेईपर्यंत निवड झालीसुद्धा होती.

"ही. झाकणाची."

सगळे चकित झाले. झाकणाचं घड्याळ काढणाऱ्याला याच गुरुराजरावांनी जन्मभर टोमणा मारला होता, 'वेळ बघताय की सुपारी खाताय?'

३

तान्हा झोपेत आहे तोवरच काय ते करणं भाग होतं. इंदुमती परसात गेली.

"जनाबाई, खरं सांग."

"काय सांगू, अक्का? हळद मी परवा कुटली. आज उखळच पूजेला बसलंय, आज कोण कुटंल? हात दोन-चार दिवस पिवळेच ऱ्हातात." तिनं पदराला नाक पुसलं. "अन् मी काच काढली असती तर मीच तुमच्या हातात आणून दिली असती व्हय? इतकी खुळी दिसते मी?"

चोरलेली वस्तू कुणी अशी दाखवत फिरत नाही. म्हणजे जनाबाईचंच बरोबर होतं.

दत्तात्रय ओसरीवर सुपारी कातरायच्या विचारात होता, पण अडकित्ता पूजेत असल्यानं नुसताच चिडून बसला होता.

"वहिनी, माझ्यावर संशय आहे वाटतं? मला ते घड्याळ फुकट दिलं तरी नको."

"तसं नाही भावजी. मामंजी ते दुसऱ्या कुणाच्या हातात देतात का?"

"छे. खिशातून बाहेरसुद्धा काढत नाहीत. रात्री मात्र दिवा मालवल्यावर टच् करून झाकण उघडल्याचा आवाज येतो. थोड्या वेळानं परत टच्. म्हातारपणी झोप नसते हो."

लीला जिन्याखाली बाहुलीला जेवायला घालत होती. तिलाही विचारणं आलंच. करंडा पालथा करणारीनं काचही काढली असेल.

"मी नाही," लीला म्हणाली. "अज्जा देतच नाहीत. मी जीभ काढून दाखवली, तरी पण नाही दिलं."

"अज्जांना जीभ दाखवलीस? रागावले नाहीत?"

"नाही. हसले पण नाहीत." लीला बाहुलीकडे वळली. या प्रकरणात तिला रस उरला नव्हता.

इतक्यात बाहेर टांगा थांबला. बाबाजी आला होता. दुकानातली हत्यारं पूजेत, म्हणून सुट्टीच्या दिवशी धारवाडच्या गिऱ्हाइकांना भेटत फिरत होता. त्यानं पायातल्या वहाणा काढायच्या आत अंबूताईंनी त्याला धारेवर धरलं.

"कसली रे काच बसवलीस? मोलकरणीच्या हातात निघून येते?"

बाबाजीचा चेहरा पडला. घड्याळ त्यानं पंच्याच्या टोकानं धरलं. "अव्वा, आज चिमटा धरायचा नाही, नुसतं बघतो." झाकण उघडून त्यानं घड्याळ उजेडाकडे वळवलं. मग अंगठ्याच्या नखानं त्यानं काचेभोवतीचं कडं उचललं आणि बोटानं दाबून परत बसवलं.

"हे बघा. काच पडलेली नाही. कुणीतरी कडं उघडलं, काच काढली, कडं परत नीट बसवलं. चोराला एवढी सवड नसते."

"आणि काटा?" इंदुमतीनं दाराआडून विचारलं.

"काटा वरून दाबून वाकलाय, वहिनी. एकदा नाही. पुष्कळदा, थोडा थोडा." त्यानं तबकडी तिरकी केली. "डाग पण नुसता पिवळा नाही. त्यात लाल आहे. हळद आणि कुंकू एकाच बोटाचं."

जनाबाईनं हळद कुटली होती. कुंकवाच्या करंड्याला ती विधवा बाई हातसुद्धा लावत नव्हती.

"बाबाजी, डबी निवडताना मामंजींनी तुला हळूच काय विचारलं होतं?"

बाबाजीनं आठवलं. "काच काढता येते का, विचारलं. मी म्हटलं, साहेब, त्या दोन डब्यांना सुरी लागते. ही झाकणाची नखानं निघते. तर म्हणाले, मग ही."

४

इंदुमती देवघराच्या उंबऱ्याशी आली. ती सोवळ्यात नव्हती, म्हणून आत पाऊल न टाकता बाहेरूनच वाकून पाहिलं.

पाटावर कायद्याची जाडजूड पुस्तकं रचलेली होती. त्यांच्या शेजारी दौत, टाक, विळी. दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावणार नव्हतं, त्यामुळे सकाळी उमटलेली बोटं जशीच्या तशी होती. नंदादीपाच्या उजेडात ती स्पष्ट दिसत होती.

हळद आधी, कुंकू नंतर. हे कुणी शिकवावं लागत नाही. घरातली चार वर्षांची लीलासुद्धा बाहुलीला तसंच लावते. गुरुराजरावांनी जन्मभर ही पूजा केली होती.

पण पुस्तकांवर कुंकू खाली होतं आणि हळद वर. टाकावर तसंच. विळीवर तसंच. एकही बोट सुलटं नव्हतं.

तिला सकाळची घाई आठवली. करंड्यात डावीकडे हळद असते, उजवीकडे कुंकू. मूल रडत होतं, सासूबाई हाका मारत होत्या, आणि तिनं तो उलटा भरला होता. पूजा झाल्यावर शेजारणीला हळदीकुंकू द्यायला म्हणून करंडा हातात घेतला तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं. सासूबाईंना कळायच्या आत तिनं दोन्ही घरं रिकामी करून सुलटी भरून ठेवली होती. आपली चूक कुणी पाहिली नाही, म्हणून तिला तेव्हा हायसं वाटलं होतं.

कुणी पाहिली नाही. सगळी पूजा त्या उलट्या करंड्यातून झाली. डावीकडे बोट बुडवलं, लावलं. उजवीकडे बुडवलं, लावलं. समोर लाल उमटत होतं, मग पिवळं. आणि पूजा करणाऱ्याचा हात एकदाही अडखळला नव्हता.

पाळण्यातून तान्ह्याचा हुंकार आला. इंदुमती तशीच वाकलेली राहिली. गेले सहा-आठ महिने मामंजी वर्तमानपत्र तिच्याकडून वाचून घेत होते. चष्मा बदलायचाय म्हणून. कोर्टातून येताना कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवत होते. गुडघा धरलाय म्हणून.

५

गुरुराजराव खोलीत एकटेच होते. खिडकीकडे तोंड करून बसलेले.

"कोण? इंदुमती ना? बांगड्यांवरून कळलं."

"हो, मामंजी." एरवी ती त्यांच्याशी दाराआडूनच बोलायची. आज घड्याळ घेऊन चौकटीच्या आत आली. "जनाबाईबद्दल बोलायचं होतं."

"मी म्हटलं ना, राहू द्या."

"राहू द्या म्हणजे चोरीला माफी. चोर तीच राहिली."

गुरुराजराव ताठ बसले. सुनेनं असं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. मात्र वकिलाची जीभ त्यांच्या आधी जागी झाली. "तिचा हात पिवळा, डाग पिवळा. तिच्या बाजूनं तुझं काय म्हणणं आहे?"

"डागात कुंकू आहे. तिच्या हातात नाही."

"कुंकू घरातल्या कुठल्याही सवाष्णीच्या बोटाला असतं. तुझ्यासुद्धा."

"असतं. पण काच आज काढलेली नाही, मामंजी. काटा पुष्कळ दिवस दाबून दाबून वाकलाय. घड्याळ तुमच्या खिशातून बाहेर निघत नाही. इतके दिवस त्याला बोट कोण लावणार?"

"दत्तू. रात्री, मी झोपल्यावर."

"रात्री अंधारात झाकणाचा आवाज येतो, असं भावजीच सांगतात. अंधारात घड्याळ कोण बघतं?"

खिडकीबाहेर टांग्याच्या घोड्यानं पाय आपटले.  पुढचं बोलावं की नाही, असं क्षणभर तिला वाटलं. पण परसात जनाबाई आपलं गाठोडं बांधत होती.

"आज सकाळी करंडा मी उलटा भरला होता," ती म्हणाली. "डावीकडे कुंकू, उजवीकडे हळद. पुस्तकांवर कुंकू खाली आहे, हळद वर आहे."

गुरुराजरावांनी आपला उजवा हात वर केला आणि अनामिका डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ धरली. मग हात मांडीवर ठेवला.

"एवढ्या वर्षांत कुणी साक्षीदारानं मला असं धरलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जरा कौतुकच होतं. "आज पूजा आटोपल्यावर वेळ बघितली. हात धुतला नसेन."

"मोतीबिंदू आहे का?"

"मिरजेच्या दवाखान्यात दाखवून आलो, गेल्या उन्हाळ्यात. लग्नाला गेलो होतो म्हणून सांगितलं ना, तेव्हा. मोतीबिंदू असता तर कापून काढला असता. हे दुसरं आहे. अजून उजेड कळतो. माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. पुढच्या वर्षी तेही नाही." ते थोडे थांबले. "हातात एक जमिनीचा खटला आहे. सगळे कागद पाठ आहेत माझे. पण वकिलाला दिसत नाही असं एकदा बाररूममध्ये गेलं, की अशील थांबत नाही. दत्तूचं शिक्षण व्हायचंय. कोर्टात वेळ विचारायची तरी कुणाला? रोज विचारली तर रोज एकेकाला कळणार. म्हणून हे."

तिनं घड्याळ त्यांच्या हातात दिलं, तसा त्यांनी वाकडा काटा अंगठ्यानं चाचपला. "जाड काटे. नखानं निघणारी काच. आणि वर झाकण, म्हणजे काच नाही हे कुणाला दिसू नये. डबी बरोबर निवडली होती मी."

"बरोबर निवडली होती, मामंजी."

"जनाबाईचं मात्र चुकलं." हे वाक्य त्यांनी खिडकीला सांगितलं. "वाटलं, काचेचंच तर आहे, दोन दिवसांत विसरतील. ती बाई घरातून जाईल असं वाटलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू? वाटलं होतं. तरी गप्प बसलो."

इंदुमतीनं मागे परसाच्या दिशेनं पाहिलं.

"मी आत्ता अंबूला सांगतो, काच मीच काढली. आतून वाफ धरत होती, पुसायला म्हणून काढली आणि विसरलो. म्हातारा आहे, पटेल तिला. पण खटला संपेपर्यंत बाकीचं तुझ्यापाशी राहू दे. गदगला पत्र लिहितेस, त्यातसुद्धा नको."

तिचा नवरा गदगच्या कचेरीत नोकरीला होता. त्याच्यापासून तिनं आजवर काही लपवलं नव्हतं. पाळण्यात तान्हा रडायला लागला.

"नाही लिहिणार," इंदुमती म्हणाली आणि वळली.

६

दसऱ्याच्या संध्याकाळी मळमड्डीतून लोक बन्नीची पानं मुठीत घेऊन घरोघर हिंडत होते. अंबूताईंचं तोंड सकाळपासून आंबट होतं. नवऱ्यानं बावळटपणा केला, आणि शब्द मात्र त्यांनाच परत घ्यावा लागला होता. तरी त्यांनी तो घेतला. जनाबाई आली तेव्हा पहिली पानं तिच्या हातावर त्यांनीच ठेवली.

"बन्नी घेऊन बंगारासारखी राहा, जने, सोन्यासारखी. उद्या लवकर ये. भांडी पडलीत."

"येते की, अव्वा." जनाबाईनं पानं पदरात बांधली. "पण पुढल्या बारीला हळद दुसरीकडनं कुटून घ्या."

दत्तात्रय खो खो हसला. अंबूताईंनाही हसू आवरलं नाही.

ओसरीवर गुरुराजराव आरामखुर्चीत बसले होते. डोक्याला नवा रुमाल बांधलेला, कोटाच्या खिशात चांदीची डबी. येणारा माणूस बोलला की ते हात पुढे करत, त्याला नावानं हाक मारत, पानं देत आणि घेत. 'या परशुरामपंत.' 'काय रे विठ्ठल, मोठा झालास.' एकही नाव चुकत नव्हतं. इंदुमती तान्ह्याला खांद्यावर घेऊन दारात उभी राहून ते पाहत होती. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे आज ती पहिल्यांदाच पाहते आहे, असं तिला वाटलं.

लीला नवं परकर-पोलकं घालून आली. मोठ्या माणसांसारखं करायचं म्हणून ती न बोलता, शहाण्यासारखी अज्जांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. दोन्ही हातांच्या ओंजळीत पानं धरून तिनं ती पुढे केली, आणि वाट पाहू लागली.

गुरुराजराव शांतपणे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. तिच्या डोक्यावरून त्यांची नजर फाटकापर्यंत गेली होती, पुढच्या माणसाच्या आवाजाची वाट बघत.

लीलानं ओंजळ आणखी थोडी वर केली. मग ती हळूच मागे वळली, दारात आली आणि आईचा पदर ओढून तिला खाली वाकवलं. शेजारीच अंबूताई होत्या, दत्तात्रय होता. लीलानं आईच्या कानाला तोंड लावलं.

"आई, मी त्यांच्या समोरच उभी होते ना गं? मग अज्जांनी माझं सोनं का नाही घेतलं?"